संग्रहालयातली संध्याकाळ कॉलेजच्या मुलांकडे सोपवा

संपादक महोदय,

भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ पासून आणि फोर्टातले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ पासून लोकांसाठी खुले आहे. विशीतल्या मुलांना तिथे आणायचे तर संध्याकाळचे कार्यक्रम हवेत, आणि ते विद्यार्थ्यांनीच आखावेत. बहुधा त्यांना नुसते बिल्ले लावून दारात उभे केले जाते. त्याने काही साधत नाही.

प्रत्येक विद्यार्थ्याला बोलण्यासाठी एकच वस्तू द्यावी. महिनाभर आधी अभिरक्षकांबरोबर (क्युरेटर, म्हणजे संग्रह सांभाळणारे तज्ज्ञ) बसून त्याने सात-आठ मिनिटांचे बोलणे तयार करावे. पाटी वाचून दाखवायची नाही. पाहुण्यांचा गट पंधराचा, वीस झाले की मागच्यांना ना दिसते, ना ऐकू येते, आणि ते मोबाईलमध्ये शिरतात. गट दहा-दहा मिनिटांनी सोडावेत, नाहीतर सगळे पहिल्याच दालनात तुंबतात.

लघुचित्रे, कापड आणि कागद यांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजायचे एकक) जास्त प्रकाश नको, कारण उडालेला रंग परत येत नाही. म्हणून फ्लॅश, रील्ससाठीचे दिवे बंद. गाणेबजावणे अंगणात, चहा-वडापावही तिथेच: सांडलेल्या चुऱ्यावर झुरळे येतात, मागोमाग उंदीर.

तारीख मात्र १८ मे, म्हणजे आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, नको. तेव्हा निम्मी मुले गावी असतात. पावसाळ्यात ओल्या छत्र्यांनी दालनातली दमट हवा आणखी वाढते. डिसेंबर-जानेवारी बरा, साडेनऊला आवरावे, कर्जत-विरारच्या मुलांना गाडी गाठायची असते.

– संग्रहालयशास्त्राचे काही अभ्यासक, मुंबई