चिऊ कॉलेजला निघाली म्हणून

अमरावती
२४ जून

प्रिय गड्या,

परवाचा तुझा फोन पावसाच्या आवाजात अर्धाच ऐकू आला. सोयाबीन पेरून झालं, पऱ्हाटी टोबायला बाया मिळत नाहीत, आणि तुझ्या पोरीला, चिऊला, इथं बीएस्सीला घालायचं ठरलं, एवढं कळलं. शेवटी तू म्हणालास, "तिले काय काय सांगू ते लिहून धाड बाप्पा, फोनवरचं माह्या ध्यानात राहत नाही." कालपासून लिहायला बसतोय, दोन कागद फाडले. चिऊला काही सांगायचं म्हटलं की माझं स्वतःचं पहिलं वर्ष डोळ्यांपुढे येतं, आणि त्या वर्षात तू.

१९९५ चा पोळा आठवतो का? मी जुलैत इथं आलो होतो. ईबीसीचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या पोरांना मिळणाऱ्या फी सवलतीचा, फॉर्म भरला होता. महिन्याभरानं नोटीस बोर्डावर त्रुटी असलेल्या अर्जांची यादी लागली, तिच्यात माझं नाव. त्रुटी काय, ते लिहिलेलं नव्हतं. ऑफिसच्या खिडकीवर जाऊन विचारायचं, एवढंच काम होतं. मी दोन आठवडे रोज त्या खिडकीसमोर गेलो आणि रोज परत आलो. आतला बाबू एका पोरावर खेकसताना मी पाहिला होता. आपल्याला धड बोलता येणार नाही, मागची रांग हसेल, हेच डोक्यात. पूर्ण फी भरायला बाबांकडे पैसे नव्हते, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून कॉलेज सोडून गावी यायचं मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, तू मायनं दिलेल्या पुरणपोळ्या घेऊन एसटीनं आलास. रात्री खोलीवर मी रडलो. सकाळी तू मला त्या खिडकीवर नेलंस आणि आत वाकून म्हणालास, "साहेब, या पोराच्या कागदात काय कमी हाय?" बाबूनं गठ्ठ्यातून फॉर्म काढला. एका जागी बाबांची सही राहिली होती. बस, तेवढंच.

बारावीनंतर वावर तुझ्या अंगावर पडलं म्हणून तुझं शिक्षण थांबलं आणि माझं झालं. पण विचारायची हिंमत तुझ्यात होती, माझ्यात नव्हती. ती मी तुझ्यापासून शिकलो. म्हणून चिऊला जे सगळ्यात आधी द्यायचं ते तुझ्याचपाशी आहे. तिला विचारायला शिकव.

आपल्या गावच्या शाळेत एक दिवस गैरहजर राहिलं की सर संध्याकाळी पारावर बाबांना गाठायचे. चिऊच्या ज्युनियर कॉलेजातही तालुक्याच्या ठिकाणी तिला सगळे ओळखत होते, अमक्याची पोरगी म्हणून. इथं तसं नाही. मी शिकवतो त्या पहिल्या वर्षाच्या वर्गात शंभरावर मुलं असतात. दिवाळीपर्यंत मला निम्म्यांची नावं पाठ होत नाहीत, आणि जे विचारायला येतात त्यांचीच होतात. एखादी मुलगी पंधरा दिवस आली नाही तर ती आजारी आहे की घरी निंदणाला गेली आहे, हे मला कळत नाही. दरवर्षी खेड्यातल्या चार-दोन हुशार पोरी अशाच माझ्या डोळ्यांदेखत वर्गातून नाहीशा होतात. त्याचं मला फार वाईट वाटतं. त्यांना येत नव्हतं असं नाही. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, आणि आम्हाला दिसलं नाही.

आपण पोरींना लहानपणापासून काय सांगतो? "खाली मान घालून जाय, खाली मान घालून ये." तूही हे सांगशील, मला माहीत आहे, कारण काळजी आहे. पण या वेळी तसं सांगू नको. मान वर करून बोल, समजलं नाही तर दुसऱ्यांदा विचार, कोणी वसकन अंगावर आलं तरी तिसऱ्यांदा विचार, असं तिला तुझ्या तोंडून ऐकू दे. माझ्या सांगण्यानं तेवढं बळ येणार नाही तिला.

आता कागदांचं. आपल्याकडे पेरणी आणि ॲडमिशन एकाच महिन्यात येतात. मागच्या कापसाचा पैसा संपलेला, पीककर्ज बियाण्या-खतात गेलेलं, आणि नेमकी तेव्हाच फी, खोलीचं डिपॉझिट, मेसचा ॲडव्हान्स. शिष्यवृत्ती येते ती पुष्कळ उशिरा, कधी वर्ष सरताना. तिच्या भरवशावर जूनचा हिशोब करू नको. प्रवेशाच्या वेळी पहिला प्रश्न हा विचारायचा की ही तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित. एकाच कॉलेजात, एकाच बीएस्सीला दोन्ही तुकड्या असू शकतात आणि फीत मोठा फरक पडतो. अनुदानितमध्ये नंबर लागत असेल तर आधी तीच घ्यायची. फी एकदम जमत नसेल तर हप्त्यांसाठी प्राचार्यांच्या नावानं अर्ज द्यायचा. असे अर्ज येतात, त्यात कमीपणा काही नाही.

"मुलींचं शिक्षण आता फुकट झालं" असं गावात सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे, तो इंजिनिअरिंग, फार्मसी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांचा. ज्या घरांचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, अशा ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची कॉलेजची शिक्षण फी आणि परीक्षा फी त्यात पूर्ण माफ होते. खोली, मेस, पुस्तकं त्यात येत नाहीत. तुझ्या शेजाऱ्याची पोरगी इंजिनिअरिंगला चालली आहे ना, तिच्या घरी हे नक्की सांग. चिऊच्या बीएस्सीला कोणती सवलत लागते ते कॉलेजच्या ऑफिसातच विचारावं लागेल. सरकारी वसतिगृहाचा अर्ज मात्र भरायचाच. तिथं नंबर लागला नाही तर ओबीसी मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, बाहेरगावी राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी पैसे मिळतात. त्याची चौकशी इतर मागास बहुजन कल्याणच्या जिल्हा कार्यालयात होते.

महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी वेबसाइटवरचा, फॉर्म भरताना एक काळजी घे, हात जोडून सांगतो. नेट कॅफेवाला घाईत स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो, पासवर्डही त्याच्याच वहीत राहतो. मग फॉर्ममध्ये त्रुटी निघाली तर निरोप त्याच्या फोनवर जातो आणि पोरीला पत्ताच नसतो. नंबर चिऊचा, पासवर्ड चिऊच्या वहीत. आणि आधार ज्या खात्याला जोडलं असेल त्याच खात्यात पैसा पडतो. मागे कशासाठी तरी उघडलेलं दुसरंच खातं जोडलेलं असतं, पैसा तिथं पडतो आणि पोरं वर्षभर वाट पाहत बसतात. बँकेत जाऊन आधी खात्री करून घ्या. पुढच्या वर्षी हाच अर्ज पुन्हा भरायचा असतो, आपोआप काही होत नाही.

यात एक बाब धाकट्याची. तो आता अकरावीला चालला ना? त्याच्या जात पडताळणीची तयारी आताच सुरू कर. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. तुझ्या बाबांच्या शाळेच्या दाखला-खारिज रजिस्टरची नक्कल काढून ठेव, त्यात जातीची नोंद कशी आहे ते पाहून घे. ऐन सीईटीच्या निकालानंतर बाप-लेक तहसीलच्या पायऱ्या चढताना मी फार पाहिलेत.

अभ्यासाचं लिहायला बसलो तर रात्र पुरणार नाही, पण माझा खरा जीव त्याच्यातच आहे. चिऊनं बारावी कशी केली ते मला ठाऊक आहे. अपेक्षित प्रश्नसंच, पाठ केलेली उत्तरं, आणि प्रॅक्टिकलची वही दुसरीची पाहून उतरवलेली. तिचा दोष नाही, प्रयोगशाळेचं कुलूपच महिन्यातून एकदा उघडत असेल तर पोर करणार काय? माझ्याकडे दरवर्षी मुली येतात, ज्यांनी बारावीला चांगले मार्क घेतलेले असतात आणि ब्युरेट, म्हणजे द्रव थेंबाथेंबानं सोडायची तोटीची काचनळी, कधी हातात धरलेली नसते. त्या मागे उभ्या राहतात, पुढची मुलगी प्रयोग करते, या आकडे उतरवतात, आणि तीन वर्षं तशीच जातात. चिऊला सांग, पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांना म्हणायचं, "सर, मी हे केलेलं नाही, मला दाखवा." माझ्याकडे कोणी असं म्हणालं ना गड्या, की मी हातातलं सगळं बाजूला ठेवून दाखवतो. डोळा द्रवाच्या पातळीत आणायचा, खालचा बाक वाचायचा, तोटी डाव्या हातानं हळू फिरवायची, उजव्या हातानं फ्लास्क घोळवायचा. शेवटच्या एका थेंबानं सगळं पाणी गुलाबी होतं. तो गुलाबी रंग पहिल्यांदा स्वतःच्या हातानं आणलेल्या पोरीचा चेहरा पाहण्यासारखा असतो. सव्वीस वर्षं शिकवतोय, अजून मला त्याचा कंटाळा आलेला नाही.

इंग्रजीला ती घाबरेल. पहिले दोन महिने जड जाईलच, मलाही गेले. तिनं एक लहान वही करावी, तासाला अडलेला शब्द लिहायचा आणि त्याच रात्री अर्थ पाहायचा. विषय तिला कळतो, अडतात ते शब्द, आणि दिवाळीपर्यंत तेच तेच शब्द फिरून येऊ लागतात. मात्र हाताशी वेळ थोडा आहे. प्रवेश उशिरा होतात आणि पहिल्या सेमिस्टरची परीक्षा लवकर येते. बारावीसारखं फेब्रुवारीत जागून भागणार नाही, ज्या दिवशी शिकवलं त्या दिवशी वाचावं लागेल.

नव्या शैक्षणिक धोरणानं आता सगळं क्रेडिटमध्ये मोजतात. पंधरा तासांच्या शिकवणीचं एक क्रेडिट, मुख्य विषयाबरोबर दुसरे निवडीचे विषय. मैत्रिणीनं घेतला म्हणून विषय घ्यायचा नाही, कोण शिकवतं, पुढे कशाला उपयोगी पडतो, ते विचारून घ्यायचा. आणि याच धोरणातली एक गोष्ट मला मुलींच्या बाबतीत खटकते. एक वर्ष पूर्ण करून, वर चार क्रेडिटचा कौशल्याचा अभ्यास केला तर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं. अडचणीत सापडलेल्यासाठी सोय चांगली आहे. पण गावात कोणीतरी तुला म्हणणारच, "सर्टिफिकेट भेटलं ना, आता स्थळ पाहा." त्या दिवशी तू पक्का राहा. बीएस्सी म्हणजे किमान तीन वर्षं, आणि तिला वाटलं तर चौथं. हे वचन मला नको, ती घरातून निघायच्या आधी तिला दे.

पैशाबद्दल तिच्याशी खरं बोल. दर महिन्याला जमेल तेवढी ठरावीक रक्कम तिच्या खात्यात टाक आणि खर्च तिचा तिला करू दे. सोयाबीनवर येलो मोझॅक रोग आला, कापसाला भाव पडला, तर तिच्यापासून लपवू नको, ती तशीही ओळखते. माझ्या वर्गातल्या एका पोरीनं मेस बंद करून महिनाभर एक वेळ बिस्किटांवर काढली होती, घरी पैसे मागायचे नाहीत म्हणून. वर्गात चक्कर येऊन पडली तेव्हा आम्हाला कळलं. चिऊला सांग की घराची काळजी बापाकडे, तिनं पोटभर जेवायचं. आणि तुलाही सांगतो, तुझं मन कधी फार जड झालं तर रात्री कितीही वाजले असोत, मला फोन कर. आपल्या भागात कास्तकार माणूस आतल्या आत किती सोसतो, हे आपण दोघांनी जवळून पाहिलंय.

पहिले पंधरा दिवस ती फोनवर रडेल. लगेच न्यायला येऊ नको. वहिनींचा जीव राहणार नाही, त्यांना म्हणावं, रविवारी ती आमच्याकडे जेवायला येईल, आमच्या घरी अजून शेंगदाण्याचा ठेचा आणि ज्वारीची भाकर होते. खोली गाडगेनगरकडे पाहू, तिकडे मुली पुष्कळ राहतात, पण खोली ठरवायच्या आधी वहिनींनी स्वतः पाहावी. आणि दिवसातून दहा वेळा "कुठं आहेस" म्हणून फोन करू नको. पोरगी एकदा खोटं बोलायला शिकली की खरी अडचणही सांगत नाही. कोणी रॅगिंग केलं, कोणी त्रास दिला, तर "तूच काही केलं असशील" हे वाक्य तुझ्या तोंडून निघू नये. महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे, कॉलेजला तक्रार घ्यावीच लागते. तिनं सांगितलं की मी आहेच.

नेरहून येताना गाडी नांदगाव खंडेश्वरला थांबते तेव्हा तिला सांग की याच तालुक्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख, कास्तकाराच्या घरचे. अमरावतीत शिकले, पुढे विलायतेत जाऊन बॅरिस्टर झाले, आणि परत येऊन खेड्यातल्या पोरांसाठी इथं वसतिगृह काढलं, १९३२ मध्ये शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. त्या तालुक्यातून आपण दोघं कितीदा गेलो असू, आणि आपल्याला हे कोणी सांगितलं नव्हतं.

पाऊस उघडला की येत्या रविवारी तिघंही या. मुक्काम आमच्याकडेच. फाइलमध्ये शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, आधार आणि बँकेचं पासबुक, सगळ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स ठेवा. सोमवारी सकाळी कॉलेजच्या खिडकीवर मी बरोबर येईन. पण बोलेल चिऊ. तू आणि मी रांगेच्या बाहेर भिंतीशी उभे राहू.

वहिनींना नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

तुझाच,
दोस्त