सुई, लोखंड आणि उन्हातली काठी

सोलापूर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन आला तेव्हा मी होटगी रोडच्या साइटवर पायाचं खोदकाम बघत होतो, जेसीबीच्या आवाजात नीट बोलता आलं नाही. एवढं कळलं की सर्व्हेच्या प्रॅक्टिकलमध्ये ट्रॅव्हर्स बंद होत नाही, म्हणजे मोजत गेलेल्या रेषांची साखळी फिरून सुरुवातीच्या बिंदूला मिळत नाही, बेअरिंग (रेषेचा उत्तरेपासूनचा कोन) जुळत नाही, आणि सगळा ग्रुप दिशा दाखवणाऱ्या कंपासला शिव्या घालतोय. फोनवर सांगत बसलो तर दुसऱ्या वाक्याला आपण "जेवलीस का"वर येतो, म्हणून लिहितो.

आधी कंपासला दोष देणं थांबवा. प्रिझमॅटिक कंपासमध्ये बिघडण्यासारखं फारसं काही नसतंच. टोकावर तोललेली सुई, तिच्यावर अॅल्युमिनियमची चकती, डोळ्याला लावायचं प्रिझम आणि समोर नेम धरायला उभा ताणलेला बारीक केस. आकडे उलटे लिहिलेले आणि शून्य दक्षिणेला, हे बघून पहिल्या दिवशी सगळे बिचकतात. प्रिझममधून आकडा सुलटा दिसावा आणि तुझ्या डोळ्याच्या बाजूचं वाचन नजरेच्या दिशेचं निघावं, म्हणून तसं केलेलं असतं.

सुई लोखंडाकडे ओढली जाते. वाचन घेताना कुणाच्या हातात मोजणीच्या साखळीचा गुंडाळा होता का? रेंजिंग रॉडचं, म्हणजे नेम धरायला उभ्या करायच्या काठीचं, खालचं टोक लोखंडी असतं, जमिनीत खुणेला रोवायचे अॅरो लोखंडी असतात. कंपासवर वाकणाऱ्याच्या वरच्या खिशात मोबाइल असतो, आणि त्यात स्पीकरचं लोहचुंबक. जवळ जिना, जाळी, विजेचा खांब असेल तर बघायलाच नको. कुठल्या स्टेशनवर, म्हणजे कंपास मांडलेल्या कुठल्या बिंदूवर, गडबड आहे हे शोधायला फोर बेअरिंग (रेषेच्या सुरुवातीहून पुढे बघून घेतलेलं) आणि बॅक बेअरिंग (शेवटाहून मागे बघून घेतलेलं) यांमधला फरक बघा. ज्या रेषेचा फरक बरोबर १८० अंश येतो, तिची दोन्ही टोकं स्वच्छ धरायची आणि तिथून पुढची एकेक वाचनं दुरुस्त करत जायचं. पुन्हा पहिल्यापासून फिल्डवर जायची गरज नाही. ज्यांना सर "पुन्हा करा" म्हणालेत, त्यातल्या निम्म्यांचं काम टेबलावर बसून होईल.

लोखंडाला किती घाबरायचं, त्यासाठी मुंबईचं एक उदाहरण देतो. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४०च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेवरची ट्राम येणार असं ठरलं, आणि तिच्या प्रवाहाने सुया नाचतील हे उघड होतं. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी ट्रामशी भांडण न करता वेधशाळाच अलिबागला नेली. १९०४ साली ती तिथे सुरू झाली. इमारत बांधताना चुंबकाला ओढ देणारं सामान वापरायचं नाही, असं ठरवून बांधली. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी आणि नवी मालिका जोडता यावी. हे शेवटचं मला फार आवडतं. आमच्याकडे जुनी मोजणी चुकीची म्हणून नवी करतात आणि जुनी फेकून देतात, मग बांधावरून दोन पिढ्या कोर्टात.

जमिनीचंही लक्षात ठेव. इथे मुरूम संपला की काळा खडक लागतो, कालही तोच लागला. तुमच्या कराडच्या बाजूलाही तोच दख्खनचा बेसाल्ट. त्यात मॅग्नेटाइट या चुंबकी लोहखनिजाचे कण असतात, त्यामुळे उघड्या खडकावर कंपास टेकवून वाचन घेऊ नका. हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. थंड होताना त्या कणांनी तेव्हाच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवली, आणि त्यातल्या बऱ्याच थरांत ती आजच्या उलटी आहे. म्हणजे तेव्हा सुई असती तर तिचं उत्तरेचं टोक दक्षिणेला वळलं असतं. आपला भूभागही त्या वेळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. खोदकामातला दगड ट्रॉलीत टाकताना आमच्या माणसांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "साहेब, वास्तूवाल्याला सांगू नका."

वास्तूवाल्यांचं हसू येतं खरं. स्लॅबच्या फ्लॅटमध्ये, सळ्यांनी भरलेल्या कॉलमशेजारी उभं राहून मोबाइलवर उत्तर दिशा बघतात. तीन पावलं सरकलं की ती दिशाही सरकते, आणि तेवढ्यावर लोक स्वयंपाकघर फोडतात.

तुला खात्रीच करायची असेल तर शाळेतल्या पेटीतला पेन्सिलवाला कंपास काढ. ड्रॉइंग बोर्ड उन्हात अगदी समतल ठेव, मधोमध एक खिळा सरळ उभा कर. लोखंडी चालेल, सावलीला लोखंडाचं काही नाही. खिळ्याभोवती वर्तुळ काढ. सकाळी सावली वर्तुळाबाहेर असते, मग आखडत आत येते आणि दुपारनंतर पुन्हा बाहेर जाते. टोक वर्तुळाला शिवेल तेव्हा दोन्ही वेळा खूण कर. त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम. दोन्ही खुणांवरून सारख्या त्रिज्येचे कंस काढून छेदबिंदू खिळ्याला जोडला की उत्तर-दक्षिण. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदी आखायला हीच रीत दिली आहे, तिथे कंपासऐवजी दोरी. ही खरी उत्तर दिशा. सुईची उत्तर तिच्यापासून थोडी सरकलेली असते, पण आपल्या भागात तो फरक दोन अंशांच्या आतच. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर असतीस तर पंधराच्या वर गेला असता.

फक्त बरोबर बाराला सावली सर्वांत आखूड होईल म्हणून बसू नकोस. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि सोलापूर ७६ च्या जरा अलीकडे, म्हणून सूर्य सरासरी २६ मिनिटं उशिरा माथ्याच्या रेषेवर येतो. कराडला आणखी सात मिनिटं. त्यात ऋतूप्रमाणे फरक पडतो: सोलापुरात नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा वाजून दहा मिनिटांना, फेब्रुवारीत बारा चाळीसला.

दिवाळीला येशील तेव्हा गच्चीवर करून बघू. आईने वाळवणाचे लोखंडी स्टँड तिथे ठेवलेत, म्हणजे सुईचंही बघता येईल. शेंगाचटणी कोरडी पाठवलीय, मैत्रिणींना दे. पाचशे रुपये टाकलेत, रिचार्जमध्ये घालवू नकोस.

तुझे,
बाबा