बाई, तुम्ही फळ्यावर पुसलेलं ते शेपूट

आदरणीय बाई,

हे पत्र मराठीतच लिहितेय. मनातलं आधी आपल्या भाषेत उतरवायचं, असं तुम्हीच वर्गात सांगता.

वेल्समधल्या कार्डिफला आल्यावर माझ्या लेकाला पहिला मित्र मिळाला तो कराडॉग. मला ते नाव नुसतं उच्चारायला नको होतं, त्याचा अर्थ हवा होता. त्या संध्याकाळी वेल्शचा वर्ग सुटला होता, तुम्ही कोटही चढवला होता. तरी माझा प्रश्न ऐकून पुन्हा फळ्याकडे वळलात आणि त्या नावाचं जुनं रूप 'कराटाकॉस' लिहिलंत. शेवटचं 'ऑस' तळहाताने पुसलंत. पाचव्या-सहाव्या शतकात शब्दांची ही शेपटं गळाली, म्हणालात. मग ट चा ड केलात, क चा ग. समोर कराडॉग उभा!

बाई, त्या क्षणी मला गावचा पार दिसला. आमच्याही वटाचा असाच वड झालाय. शेगावला 'प्रगट दिन' असतो, 'प्रकट' आम्ही बोलताना म्हणतच नाही. इतक्या लांबच्या भाषेत माझ्याच जिभेची सवय सापडेल असं वाटलं नव्हतं.

रोमनांशी वर्षानुवर्षं झुंजलेला, इ.स. ५१ च्या सुमारास बंदी होऊन रोमला गेलेला आणि सम्राट क्लॉडियसने जीवदान दिलेला तो कराटाकॉस. नावाच्या पोटात मात्र युद्ध नाही, माया आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या आजी मला 'कारियाद' म्हणतात, त्याच धातूचं हे नाव. म्हणजे 'लाडका'. हे कळल्यापासून त्या पोराला हाक मारताना माझा आवाजच बदलतो.

आणि आर्थर राजाच्या दंतकथांमधला तो 'दणकट दंडाचा' कराडॉग! फ्रेंच कवींनी त्याच्या बिरुदाचा अर्थ 'आखूड हाताचा' असा लावला, आणि मग हाताला विळखा घालून तो सुकवणाऱ्या सापाची गोष्टही रचली. लेक ती रोज रात्री सांगायला लावतो.

ॲबरडेअरला तुम्ही आम्हाला स्वतःच्या गाडीतून नेलंत, तेही भर पावसात. चौकातला पुतळा ग्रिफिथ ऱ्हिस जोन्स यांचा. १८७२ आणि १८७३ मध्ये चारशेहून जास्त गायकांचा वृंद घेऊन त्यांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधली गायनस्पर्धा जिंकली. लोक त्यांना कराडॉगच म्हणत. तिथे तुम्ही छत्री लेकाच्या डोक्यावर धरलीत आणि स्वतः भिजलात.

त्या छत्रीचे, त्या फळ्याचे मनापासून आभार. मंगळवारी डब्यात करंज्या आणतेय, कराडॉगसाठीही.

तुमची विद्यार्थिनी