परतीची वाट बंद करू नका

मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

मी मुंबईतल्या एका अनुदानित कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. दोन वर्षांची बिनपगारी रजा काढून एका छोट्या स्टार्टअपमध्ये गेले होते. पाण्यात नायट्राइट असेल तर गुलाबी होणारी कागदी पट्टी आम्ही कॉलेजच्या प्रयोगशाळेतच बनवली होती. नायट्राइट सापडलं की पाण्यात सांडपाणी मिसळल्याचा संशय घ्यायचा. प्रयोगशाळेत ती कधी चुकली नाही. जुलैत कुर्ल्याच्या एका चाळीत टाकीपाशी नेली, तर पाण्याला लागण्याआधीच गुलाबी! दमट हवा आणि रस्त्यावरच्या गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड तिनं टिपले होते. पुढचे सात महिने आमचे पाकिटात गेले: फॉइल, सिलिका जेल, सीलिंग. हे मला कुठल्याही शोधनिबंधानं शिकवलं नसतं. आज एमएस्सीच्या मुलांना मी तोच प्रयोग चाळीच्या पाण्यावर करायला लावते.

परत आल्यावर बढतीची फाइल लावली. उत्तर आलं, ही दोन वर्षं सेवेत धरता येत नाहीत. वेतनवाढही पुढे गेली.

केंद्राच्या २०१९ च्या नवोन्मेष व स्टार्टअप धोरणात अशा अध्यापकांची सेवाज्येष्ठता राखावी असं सुचवलेलं आहे. पण सुचवलेलंच, बंधन नाही. त्यामुळे प्रत्येक कॉलेजचं ऑफिस आपापला अर्थ काढतं. आयआयटी मुंबईत मात्र २००४ पासून ‘साइन’ हे इन्क्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना आधार देणारं केंद्र आहे. तिथल्याच प्राध्यापकांनी पद न सोडता कंपनी उभी केली आणि टाटा मेमोरियलच्या साथीनं विकसित झालेल्या नेक्सकार१९ या देशातल्या पहिल्या कार-टी उपचाराला (रुग्णाच्याच पेशी बदलून केलेला कर्करोगावरचा उपचार) २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. आयआयटी केंद्राची आहे. आमची कॉलेजं तुमच्या खात्यात येतात.

म्हणून विनंती: शासन निर्णय काढा. स्टार्टअपमध्ये गेलेल्या अध्यापकाचा तीन वर्षांपर्यंत धारणाधिकार, म्हणजे मूळ पदावरचा हक्क राहील, ज्येष्ठता तुटणार नाही आणि तिथलं काम बढतीच्या हिशेबात धरलं जाईल, हे स्पष्ट लिहा. उलट बाजूचीही वाट हवी. उद्योगातल्या तज्ज्ञांना शिकवायला आणणाऱ्या यूजीसीच्या ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या पदासाठी १५ वर्षांचा अनुभव लागतो. पट्टीच्या पाकिटाचा प्रश्न सोडवणारी आमची इंजिनिअर पाच वर्षांच्या अनुभवाची आहे. तिला एक सत्र शिकवायला बोलवायचं, तर तासिका तत्त्वाशिवाय माझ्या हातात काही नाही.

माझ्या विभागातल्या एका तरुण सहकाऱ्यानं रजेचा अर्ज लिहून ठेवलाय. परवा विचारत होता, “मॅडम, देऊ का?” मी त्याला जूनपर्यंत थांब म्हटलंय.

आपली,
एक सहायक प्राध्यापिका, मुंबई