दगा कोळसेवाल्याने दिला नाही

माननीय संपादक,

कालच्या पुरवणीतला १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धातल्या रशियन आरमाराच्या कोळशावरचा लेख वाचला आणि डोकं तापलं म्हणून आज सकाळीच लिहायला बसलोय. लेखकाचा अभ्यास आहे, लिहिलंय पण छान, ते सगळं मान्य. पण शेवटच्या कॉलममध्ये त्यांनी जो निकाल देऊन टाकलाय, की जर्मन कोळसेवाल्यांनी ऐनवेळी दगा दिला म्हणून ते आरमार मादागास्करला अडकून पडलं आणि पुढे जपानजवळ त्सुशिमाच्या लढाईत बुडालं, तो मला अजिबात पटलेला नाही. माझं सगळं आयुष्य बोटींना माल पुरवण्यात गेलं, शिप चँडलरचा धंदा, भाजीपाला, किराणा, दोरखंड, रंग, जे मागतील ते. काहीही बिघडलं की आधी सप्लायरला धरायचं, ही सवय मी अगदी जवळून बघितलीये, म्हणून राग आला.

कोळसा पुरवणाऱ्या जर्मनीच्या हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या त्या बोटी व्यापारी बोटी होत्या. त्यावरचे खलाशी पगारी नोकर, त्यांचं जपानशी काही भांडण नव्हतं. १९०४ च्या ऑक्टोबरात बाल्टिकमधून निघालेल्या त्या ताफ्याला अख्ख्या वाटेत स्वतःचं एक बंदर नव्हतं, इंग्रजांच्या बंदरात कोळसा मिळायची आशा नव्हती, अशा वेळी आफ्रिकेच्या किनाऱ्याने डाकार, गॅबन, अंग्रा पेकेना करत करत याच कोळशाच्या बोटींनी त्यांना मादागास्करपर्यंत आणलं ना? तिथे कंपनी म्हणाली की आता पुढे युद्धाचा टापू, आमच्या बोटी येणार नाहीत, आणि करारातल्या शब्दांवरून भांडण सुरू झालं. भांडण झालं याचाच अर्थ ती गोष्ट सही करताना नीट लिहिलेली नव्हती. मग दोष एकट्या पुरवणाऱ्याचा कसा? घेणारा तर रशियाचा झार होता, त्याच्याकडे वकिलांची काय कमी होती का?

बरं, उशीर काय फक्त कोळशाने झाला? जपान्यांनी वेढलेलं रशियाचं चीनकडचं बंदर पोर्ट आर्थर २ जानेवारी १९०५ लाच पडलं होतं, म्हणजे ज्याच्या मदतीला निघाले ते बंदरच गेलं. त्यानंतर सेंट पीटर्सबर्गहूनच हुकूम की थांबा, अॅडमिरल नेबोगातोव्हची जुनी जहाजं मागून पाठवतोय. जानेवारीपासून १६ मार्चपर्यंत ताफा मादागास्करच्या नोसी-बेला पडून होता त्यात हे पण कारण आहे आणि लेखात त्याचा एका ओळीत उल्लेख करून सोडून दिलंय. आणि शेवटी निघाले तेव्हा हिंदी महासागर त्यांनी भर समुद्रात कोळसा भरत भरत पार केलाच की, म्हणजे ‘कोळसा नाही म्हणून अडकले’ हे एवढं सरळ नाहीये.

याच्या उलट उदाहरण हवं असेल तर अमेरिकेच्या आरमारातल्या ड्यूईचं घ्या. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध तोंडावर आलेलं, हाँगकाँगला कोळसा मिळणं बंद होणार हे त्याला दिसत होतं. त्याने पुरवठ्याचा करार करायच्या भानगडीत न पडता ‘नानशान’ ही कोळशाची बोटच कोळशासकट विकत घेतली, सोबत ‘झाफिरो’ ही दुसरी बोट घेतली, आणि मग स्पेनच्या ताब्यातल्या मनिलाला गेला. याला म्हणतात व्यवहार. दुसऱ्याची बोट तोफांच्या पुढ्यात न्यायची असेल तर तिचा धोकाही स्वतःच्या अंगावर घ्यायला लागतो. त्याच वर्षी स्पेनचा अॅडमिरल कामारा सुएझ कालव्याच्या तोंडाशी पोर्ट सैदला पोचला तर तिथे त्याला ना कोळसा घेऊ दिला ना भरायला माणसं मिळाली, कालवा ओलांडला खरा पण मग मायदेशाच्या हुकमाने आल्या वाटेने परत गेला. तिथे कुणी म्हणत नाही की कोळसेवाल्याने दगा दिला.

आणि आपल्याला हा विषय काही परका नाही. ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट आपल्या मुंबईच्या गोदीत बांधलेली, १८३० मध्ये ती सुएझला निघाली तेव्हा कोळसा ठेवायला जागा पुरेना म्हणून जिथे मोकळं दिसेल तिथे कोळसा भरला होता, तरी एडनला पोचेपर्यंत जेमतेम काही तासांचा उरला. एडनला कोळसा आधीच पाठवून ठेवलेला होता, पण तो बोटीवर चढवायला माणसं कमी पडली आणि दिवसच्या दिवस गेले. माल बंदरात असणं वेगळं आणि बोटीवर चढणं वेगळं, आणि मधल्या वेळेचे पैसे कोण देणार हाच सगळ्या भांडणाचा मुद्दा. पुढे ते एडन जवळपास शंभर वर्षं मुंबई इलाख्यातूनच चालत होतं, तेव्हा या विषयावर मराठी पेपरात लिहिताना तरी हे यायला हवं होतं.

माझे आजोबा दारुखान्याच्या कोळसा बंदरावर टॅली क्लार्क, म्हणजे माल मोजणारे कारकून होते. ते सांगायचे की पडावातून गोणी वर जायला लागल्या की सप्लायरचा माणूस एक मोजायचा आणि बोटीवरचा साहेब एक मोजायचा, आणि आकडा जुळला नाही की साहेबाचाच आकडा खरा. तशी अटच असायची, बोटीवरची पावती अंतिम. सांडलेला, पाण्यात पडलेला, धूळ होऊन उडालेला, सगळा कोळसा सप्लायरच्या खात्यावर. पावसात कोळसा भिजून वजन वाढलं की मात्र साहेब बरोबर वजावट करायचा.

माझा अनुभव यापेक्षा वेगळा नाही. एका सरकारी बोटीला भाजीपाला द्यायची ऑर्डर होती, मी एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी भावाचा आलो म्हणून मला मिळाली, रेट एकदम कमी लावला होता. सकाळी सातला जेटीवर माल हजर, फ्लॉवर, पालेभाजी, टोमॅटो, गेट पास वगैरे सगळं तयार. बोटच आली नाही. बर्थ बदलला म्हणाले, मग म्हणाले भरती बघून आणणार, मग संध्याकाळ झाली. मे महिना, टेम्पोवर ताडपत्री, आत हात घातला तर वाफ येत होती. मी पाणी मारत बसलो तिथे. दुसऱ्या दिवशी बोट लागली आणि साहेबांनी एक गोण उघडली, फ्लॉवर पिवळा पडलेला, पालेभाजी काळी, म्हणाले रिजेक्ट, अटीत ‘ताजा माल’ लिहिलंय. लिहिलंय ना, पण बोट कधी येणार ते कुठे लिहिलंय? मग त्यांनी बाजारातून वरच्या भावाने माल उचलला, रिस्क पर्चेस म्हणून फरक माझ्या बिलातून कापला आणि ईएमडी, म्हणजे टेंडरची अनामत रक्कम पण अडकवून ठेवली. पत्रं लिहिली, चकरा मारल्या, उत्तर एकच, कॉन्ट्रॅक्टवर तुमची सही आहे. राहिलेलं बिल एवढं उशिरा मिळालं की तोवर मी टेम्पोवाल्याचे आणि भाजीवाल्याचे पैसे घरातून दिले होते.

व्यापारी बोटींच्या करारात दिवस ठरलेले असतात, त्याहून जास्त बोट थांबली की डेमरेज, म्हणजे थांबल्याचे पैसे लागतात, ते बोट भाड्याने घेणारा भरतो. हे जगभर चालतं. मग सरकारी बोटीला माल देणाऱ्याच्या वेळेची काहीच किंमत का नाही? मला उशीर झाला तर टक्क्यांनी कापतात आणि त्यांना उशीर झाला तरी माझंच कापतात. लहान उद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्यायचे असा २००६ चा कायदा आहे, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज. पण व्याज मागणारा पुढच्या टेंडरला कसा उभा राहणार? ज्याला धंदा करायचाय तो गप्प बसतो. मी आता धंदा मुलाकडे दिलाय म्हणून लिहितोय.

तेव्हा लेखकांना माझी विनंती आहे की पुढच्या भागात निदान एवढं तरी लिहा की नोसी-बेला थांबायचा हुकूम कुणाचा होता. आणि सोबतचा नकाशा पण दुरुस्त करा, त्यात सगळा ताफा आफ्रिकेला वळसा घालून गेलेला दाखवलाय. अॅडमिरल फेल्केरझामची तुकडी मोरोक्कोच्या टँजियरहून वेगळी होऊन सुएझमधून गेली होती.

जाता जाता अजून एक. तुमच्याच पेपरात सरकारी टेंडरच्या नोटिसा येतात त्यांचा टाइप इतका बारीक झालाय की भिंग घेऊनसुद्धा अटी वाचता येत नाहीत. पूर्वी शेवटची तारीख आणि ईएमडीची रक्कम तरी ठळक असायची, आता तीही नसते, नुसता वेबसाइटचा पत्ता, आणि तोही अर्धा पुसलेला. ज्या जाहिरातीचे तुम्ही पैसे घेता ती छापताना वाचता येईल अशी तरी छापा.

आपला,
एक जुना वाचक, माझगाव