पेट्रोलची नळी आमच्या हातात द्या: केंद्रीय पेट्रोलियम मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

काल दुपारी तेल कंपनीचा मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' मनापासून अभिनंदन. कशी काढली, हे तक्रारदाराला सांगायची पद्धत आपल्याकडे नसावी. मला कोणाचा फोन नाही, पंपावर कोणी फिरकल्याचं ऐकिवात नाही. तरी निकाली!

तक्रार ही होती. मी औषध कंपनीत फिरतीवर आहे. कराड, पाटण, वाई, फलटण हा माझा भाग. महामार्गावरच्या एका पंपावर हजाराचं पेट्रोल सांगितलं. पोरानं दोनशेवर नळी थांबवली. "दोनशेच म्हणालात ना साहेब?" मी हजार म्हणालो, तर "मग आठशेचं अजून टाकतो." तेवढ्यात दुसरा खिडकीशी, कार्ड का क्यूआर विचारत. तिसरा न सांगता समोरची काच पुसायला लागला, एरवी हाक मारूनही जो येत नाही. मान वळवून बघतो तर मीटरवर आठशे. शून्य केलंच नव्हतं, दोनशेवरून पुढे नेलं होतं. घेतले हजार, दिलं आठशेचं.

पावती मागितली, प्रिंटरचा कागद संपलेला. कॅमेरा दाखवा म्हटलं, तो मालकांच्या मोबाईलवर दिसतो म्हणे. मग मीही पेटलो. म्हटलं, वैधमापनचा, म्हणजे वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप काढा. मागेल त्या ग्राहकाला ते दाखवायचं असा नियम आहे ना? माप होतं, केबिनमधल्या कपाटात, कुलपात. किल्ली मॅनेजरकडे आणि मॅनेजर जेवायला गेलेले. भर मे महिन्यात मी त्या पत्र्याखाली उभा. मणक्याचं दुखणं आहे, फार वेळ उभं राहवत नाही. बसायला मागितलेली खुर्चीही मिळाली नाही. वाईच्या डॉक्टरांची भेटीची वेळ हुकली, संध्याकाळी साहेबांनी फोनवर झाडलं. घरी बायको म्हणाली, दोनशे रुपयांसाठी एवढं? हो, एवढंच! कंपनी मला किलोमीटरवर पैसे देते. टाकीत कमी पडलेला प्रत्येक थेंब माझ्या खिशातून जातो.

त्यात पेट्रोलमध्ये मिसळलेलं तुमचं वीस टक्के इथेनॉल. 2030 चं उद्दिष्ट अलीकडे ओढलंत, उत्तम. पण जुन्या चारचाकीचं मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटेल हे नीती आयोगाच्याच 2021 च्या आराखड्यात लिहिलं होतं. दर कुठे सहा टक्क्यांनी उतरला? राज्याचा व्हॅट शेकडा 25, वर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे. तुमचं उत्पादन शुल्क वेगळंच. कर मात्र दोघांनाही पुरेपूर मापानं मिळतो.

मापावरून आठवलं. पाच लिटरला 25 मिली कमी-जास्त कायद्याला चालतं. जास्त मिळालेला माणूस असेल तर मला भेटवा, त्याचा सत्कार करतो. देशात दिवसाला पंधरा कोटी लिटरच्या आसपास पेट्रोल खपतं असा माझा हिशेब आहे. सगळीकडे काटा 'कमी'कडेच झुकत असेल, तर रोजचे साडेसात कोटी रुपये झाले. आकडा चुकत असेल तर आपल्या अधिकाऱ्यांनी दुरुस्त करावा. निदान त्या निमित्ताने कोणी कागद तरी उघडेल.

म्हणून म्हणतो, प्रत्येक पंपावर एक तरी नळी ग्राहकाच्या हातात द्या. स्कूटरवाल्या बाया आजही स्वतः उतरतात, सीट उचलतात, झाकण उघडून हातात धरतात. भरायचं तेवढं दुसऱ्यानं. माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिथे 1949 पासून गिऱ्हाइकानं स्वतः पेट्रोल भरायला कायद्यानं मनाई आहे. अमेरिकेतल्याच ओरेगॉन राज्यानं तसलीच मनाई 2023 मध्ये उठवली. बहीण म्हणते, थंडीत गाडीतून उतरावं लागत नाही, बरं आहे. असेल. तिला मीटरकडे डोळे लावून बसावं लागत नाही.

आपल्याच एका सरकारी कंपनीनं मोबाईलवर आधी पैसे भरायचे, मशीन तेवढंच पेट्रोल देणार, अशी सोय काढली आहे. मी पंपावर विचारलं. पोरगा म्हणाला, "ते चालत नाही इकडं."

नळी हातात आली म्हणजे सगळं सुटेल असं मानणारा मी नाही. ठाणे पोलिसांनी 2017 मध्ये पंपांवर धाडी घातल्या, तेव्हा मीटरच्या आतल्या पल्सरमध्येच, म्हणजे पेट्रोल मोजणाऱ्या भागातच, चिप बसवलेली सापडली होती. तिथे माझा हात काय करणार? पण ती चिप त्या पोरानं बसवलेली नसते, हेही खरं. तो बारा तास पेट्रोलचा वास ओढत उभा असतो. 2024 च्या धनत्रयोदशीला डीलरांचं कमिशन वाढलं, तेव्हा पंपांवरच्या दहा लाख कर्मचाऱ्यांचं भलं होईल असं आपणच म्हणाला होतात. मी ओळखीच्या दोघा-तिघांना विचारलं, पगार किती वाढला? ते हसले. त्यांचा पगार डीलरनं मारायचा, त्यांनी माझे दोनशे मारायचे आणि मी कोणाचे मारू?

आता आपण म्हणाल, माप तपासणं राज्याचं काम. वैधमापनवाले म्हणतात, माणूस कमी, तालुके जास्त, आणि पंपाचा परवाना कंपनीच्या हातात. कंपनी म्हणते, डीलर स्वतंत्र. डीलर म्हणतो, पोरगं नवीन आहे. साताऱ्यापासून दिल्लीपर्यंत सगळे आपापल्या जागी निर्दोष. मतं मागायला येता तेव्हा बरं, कोणतं खातं कोणाकडे हे तुम्ही आम्हाला विचारायला लावत नाही.

नळीचं पुढचं पुढे बघू. तोवर मीटरचा आकडा चालकाला बसल्या जागी दिसेल असा लावा, शून्य झाल्याशिवाय मशीन सुरूच होणार नाही असं करा आणि पावती न मागता मोबाईलवर पाठवा. ज्या देशात भाजीवाली दहा रुपये मोबाईलवर घेते, तिथे हे जमत नाही असं कृपया सांगू नका.

सोमवारी मला फलटणला जायचं आहे आणि टाकी पावावर आली आहे. वाटेत कोणत्या पंपावर जाऊ, तेवढं आधी कळवलंत तरी चालेल.

आपला,
सातारा जिल्ह्यातला एक फिरतीवरचा करदाता