शिधा द्या, फोटो मात्र नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

२४ मार्चचा जागतिक क्षयरोग दिन जवळ आला की टीबीच्या पेशंटना शिधा वाटण्याचे कार्यक्रम वाढतात आणि त्यांचे फोटो पेपरात, व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. मागे वॉर्डाचे नाव छापलेला बॅनर, एकाच पिशवीला लागलेले पाच पाहुण्यांचे हात आणि मधोमध मास्क लावून, मान खाली घालून उभी असलेली बाई. डोळ्यांवर काळी पट्टी ओढली तरी गल्लीतल्या माणसाला साडीवरून, उभे राहण्याच्या ढबीवरून ती कोण हे लगेच कळते. हे फोटो थांबवावेत, अशी टीबीच्या उपचारांचे काम करणाऱ्या आम्हा इंदूरकरांची कळकळीची विनंती आहे.

नाव फुटले की काय होते? भंवरकुआंजवळ खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला घरमालक खोली सोडायला सांगतो. पोळ्या करणाऱ्या बाईची कामे एकदम सुटतात. लग्नाच्या वयाची मुलगी असेल तर आईवडील आजाराचा उच्चारही करू देत नाहीत. मग लोक जवळचे केंद्र सोडून लांबच्या केंद्रात जातात, पत्ता चुकीचा सांगतात, फोन नंबर मेव्हण्याचा देतात. पत्ता चुकला की घरच्यांची तपासणी राहते. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये हा आजार लवकर बळावतो, म्हणून त्यांना टीबी नाही याची खात्री करून प्रतिबंधक औषध द्यायचे असते. नेमके तेच राहून जाते.

भीतीचा रोख मुळातच चुकीच्या माणसावर आहे. सर्वांत जास्त संसर्ग होतो तो निदान न झालेल्या, आठवडेच्या आठवडे नुसते खोकल्याचे औषध पीत बसलेल्या माणसाकडून. त्याचे नाव कोणत्याच यादीत नसते. फुप्फुसाच्या टीबीत योग्य औषधे रोज सुरू झाली की साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता खूप घटते (औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत हा काळ डॉक्टरांनीच ठरवायचा). गाठींचा किंवा मणक्याचा टीबी तर सहसा दुसऱ्याला लागतच नाही. हे जंतू खोकल्यातून हवेत जातात आणि बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. ताट-वाटी, कपडे, संडास यांतून ते पसरत नाहीत. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत तोंडाला मास्क किंवा रुमाल हवा, खिडक्या उघड्या हव्यात, थुंकी झाकणाच्या डब्यात हवी आणि जमले तर झोपायची जागा वेगळी हवी. वेगळे ताट मांडून कुणाचेही रक्षण होत नाही, जेवणाऱ्याचे मन तेवढे मोडते. १९५६ साली मद्रासला सुरू झालेल्या अभ्यासात काही पेशंटना सॅनेटोरियममध्ये (टीबीच्या पेशंटसाठीच्या वेगळ्या रुग्णालयात) ठेवले आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच औषधे दिली. घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांमध्ये टीबीचे प्रमाण जास्त आढळले नाही. घरी राहूनच उपचार घेण्याची पद्धत पुढे रुळली ती या पुराव्यावर.

शिधा मात्र द्यायलाच हवा. २०१९ ते २०२२ या काळात झारखंडमध्ये झालेल्या ‘रेशन्स’ अभ्यासात पेशंटच्या घरच्यांनाही पोषक शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातले टीबीचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिले. सरकारकडून पेशंटच्या बँक खात्यात जमा होणारी रक्कमही नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० वरून १००० रुपये झाली आहे. तेवढ्यात कुटुंबाचे भागत नाही, आणि आपल्या मंडळांची खरी गरज इथेच आहे.

‘निक्षय मित्र’ म्हणून, म्हणजे टीबीच्या पेशंटना मदत करण्याच्या सरकारी योजनेत, नाव नोंदवणाऱ्यांनी मोठ्या माणसामागे महिन्याला साधारण ३ किलो धान्य, दीड किलो डाळी, पाव किलो तेल आणि १ किलो दूध पावडर किंवा शेंगदाणे धरावेत. चूक होते ती एकदाच किट देऊन मोकळे होण्यात. साध्या टीबीचा उपचार ६ महिन्यांचा असतो, पहिले २ महिने चार औषधे आणि पुढचे ४ महिने तीन. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, माणूस कामाला लागतो आणि ‘आता बरा झालो’ म्हणून गोळ्या सोडतो. जंतू अजून संपलेले नसतात, आजार उलटतो. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यातला शिधा म्हणूनच सर्वांत मोलाचा, आणि नेमका तोच कुणी देत नाही.

देण्याची रीत साधी ठेवावी. पिशवी कोरी, तिच्यावर मंडळाचे नाव नको आणि ‘टीबीमुक्त’ही नको. पेशंटांची नावे मंडळातल्या एकाच जबाबदार माणसाकडे असावीत, ग्रुपवर यादी टाकू नये. ओळखीच्या किराणा दुकानात चिठ्ठी ठेवली तर पेशंट इतर गिऱ्हाइकांसारखा सामान घेऊन जातो. मदत घेण्याची संमती आणि फोटोची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोटोला नाही म्हणणाऱ्याचा शिधा थांबता कामा नये. समोर धान्याची पिशवी असताना कुणाला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्यामुळे अशा वेळी घेतलेला होकार आम्ही होकार मानत नाही. देणगीदारांना हिशेब हवा असेल तर दुकानाचे बिल आणि किती जणांना किती महिने शिधा दिला, एवढे पुरते.

संपादक महाशय, पेशंटचा चेहरा, नाव, गल्ली किंवा वॉर्ड कळेल असा फोटो आणि मजकूर छापायचा नाही, असे आपण ठरवावे आणि बातमी पाठवणाऱ्या मंडळांनाही तसे कळवावे. फोटोच्या जागेवर सरकारी ‘निक्षय संपर्क’चा मोफत नंबर १८००-११-६६६६ छापावा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजन घटणे यांपैकी काहीही असेल तर तिथे विचारता येते.

आपले,
क्षयरोग उपचाराच्या कामातील काही जण, इंदूर